दारापुढची सातवीण

दसऱ्याला वाटलेली आपट्याची पानं देवापुढं वाळत पडलेली असतात. दुपारचं ऊन पुन्हा चावायला लागलेलं असतं. आणि अशाच एखाद्या संध्याकाळी जळगाव रस्त्यानं रिक्षातून घरी येताना तो वास येतो. गोड, जड, जरासा औषधी. दुभाजकावर ओळीनं लावलेल्या सातविणी फुललेल्या असतात. शेजारी बसलेली एखादी कॉलेजातली मुलगी मान बाहेर काढून म्हणते, "कसला मस्त वास येतोय!" आणि मी पदर नाकाशी नेते. मला त्या वासाचा काही त्रास नाही. दम लागत नाही, डोकं दुखत नाही. मला लाज वाटते. इतक्या वर्षांनंतरही, अनोळखी माणसांत बसलेली असताना, कान गरम होतात.

यंदा जरा जास्तच. मुलानं घराचा पुढचा भाग नवा करून घेतला आणि परवा मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "आई, समोर एखादं झाड लावू या. मुळं भिंतीत न शिरणारं, कचरा न करणारं, लवकर वाढणारं. हे बघ, इथं यादीच दिलीय." तो एकेक चित्र सरकवत राहिला. मी बघत होते आणि मला आबा ऐकू येत होते. अगदी ह्याच अटी होत्या. त्यांची एक जास्तीची होती, इतकंच.

आबा म्हणजे माझे सासरे. फर्दापूरच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. घरात मेंढरं. आबांचं अर्धं आयुष्य घरात गेलंच नाही, ते मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, पाऊस लागायच्या बेतात परत यायचे. पुढं चराईची रानं उरली नाहीत, गुडघेही बोलायला लागले, तेव्हा त्यांनी कळप मोडला आणि ते आमच्याकडं शहरात आले. माझे यजमान वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते. हर्सूलच्या बाजूला नव्या वसाहतीत आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. दोन खोल्या, ओटा, आणि ओट्यापुढं चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा. त्या जागेकडं बघत आबा दिवसभर बसून राहायचे. हाताला काम नव्हतं, डोळ्यांना रान नव्हतं. एक दिवस हे म्हणाले, "आबा, पुढं झाड लावायचंय. कोणतं लावायचं ते तुम्हीच ठरवा."

त्यांना कामाला लावावं एवढाच आमचा हेतू होता. पण आबांनी ते फार मनावर घेतलं. तो सगळा पावसाळा ते झाड शोधत हिंडले. सकाळी भाकरी खाऊन निघायचे, गल्लीगल्लीतून लोकांच्या दारातली झाडं बघत फिरायचे. संध्याकाळी मला हिशेब द्यायचे. "गुलमोहर नको सूनबाई, वाऱ्यानं मोडतो. बदाम नको, पानं लई पाडतो. पिंपळ तर भिंतच खाईल." गल्लीतली माणसंही सल्ले द्यायची. कुणी म्हणे अशोक लावा, सरळ वाढतो. कुणी म्हणे दारापुढं चिकाचं झाड वास्तूला चालत नाही. आबा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे.

शेवटी ते मला रोपवाटिकेत घेऊन गेले. त्यांनी मनातलं झाड आधीच हेरून ठेवलं होतं. गोल फिरलेली पानं, हातभर उंचीचं, टवटवीत रोप.

"ह्याला जनावर तोंड लावतं का?" त्यांनी रोपवाटिकेच्या मालकाला विचारलं.

"नाही बाबा. सप्तपर्णी आहे, आपली सातवीण. पान तोडलं की चीक येतो. शेळीसुद्धा जवळ जात नाही."

"बघितलंस?" आबा माझ्याकडं वळले. "शेळी जवळ जात नाय. मंग हेच."

मला हसू आलं. जन्मभर ज्यांनी शेळ्या-मेंढरं राखली, त्यांना शेळी न खाणारं झाड कशाला हवं? घरी येताना मी तसं विचारलंही. आबा रोप छातीशी धरून चालत होते. म्हणाले, "आमी जल्मभर लोकांची झाडं चारली, पोरी. बाभळी सवळल्या, लिंबाच्या फांद्या पाडल्या. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कवा कवा मारबी खाल्ला. आमच्या घरात आजवर कुनी झाड लावलं नाय. हे पयलंच. हे कुनी खाऊ नये."

रोप कुठं लावायचं तेही त्यांनीच ठरवलं. शेजारी अय्यूबभाई आणि नसरीनभाभी राहायचे. अय्यूबभाई आणि हे एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टच्या बसनं जायचे. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. आबांनी त्या भिंतीच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. "हितं लावलं की दोन्ही घरांवर सावली यील," म्हणाले. भाभी पलीकडून कौतुकानं बघत होती. त्या बाजूला तिच्या निजायच्या खोलीची खिडकी होती, पण ते तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

झाड भराभर वाढलं. आबांनी त्याला लेकरासारखं वाढवलं. उन्हाळ्यात आंघोळीचं पाणी त्याच्या आळ्यात जायचं. बुंध्याला जुन्या धोतराचा काठ गुंडाळून ठेवायचे, ऊन लागू नये म्हणून. तीन-चार पावसाळे गेले आणि एका दसऱ्यानंतर त्याला पहिल्यांदा फुलं आली. पांढरी-हिरवट, बारीक, झुबक्याझुबक्यांनी. संध्याकाळ झाली की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. येणारे-जाणारे थांबायचे. आबा खाली खाट टाकून बसलेले असायचे. कुणी विचारो न विचारो, ते सांगायचे, "माझ्या हातचं हाय. मी लावलंय." त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा. कळप गेल्यापासून तसा चेहरा आम्ही बघितला नव्हता.

त्याच वर्षी भाभीला खोकला झाला. रात्रभर भिंतीपलीकडून ऐकू यायचा. मला वाटलं, हवा बदलतेय, सर्दी असेल. तिची ती खिडकी बंद दिसायला लागली. मी आल्याचा काढा करून दिला. तिनं तो घेतला, "अच्छा लगा" म्हणाली.

पुढच्या वर्षापासून ती दसरा झाला की माहेरी जायला लागली. माहेर सिल्लोडचं. थंडी पडायला लागली की परत यायची. दिवाळीला आमच्या फराळाचं ताट तिच्याकडं जायचं, ते जायचं थांबलं, कारण घरात अय्यूबभाई एकटेच असायचे. मला तिचा जरा हेवाही वाटायचा. आम्हाला माहेरी चार दिवस जायला मिळण्याची मारामार. एकदा तिची पिशवी रिक्षात ठेवताना मी म्हणाले, "मजा आहे बाई तुमची, महिना-महिना आईच्या हातचं खायचं." ती हसली. खोकल्याची उबळ आवरत हसली, हे मला आत्ता आठवतं.

मग ती दिवाळी आली. आम्ही गावी जाणार होतो, आबा, मी आणि मुलगा. हे शिफ्ट संपवून मागून येणार होते. निघताना आबा म्हणाले, "सिल्लोड वाटंतच हाय. नसरीनला फराळ देऊ. बरीच वर्सं झाली, तिच्या तोंडात आपला लाडू नाय." मला फार बरं वाटलं. डबा भरला. चकल्या मोडू नयेत म्हणून वर फडकं कोंबलं.

एसटीच्या खिडकीतून दिसत होता तो सगळा रस्ता अजून डोळ्यांपुढं आहे. दोन्ही अंगांना मक्याची कणसं वाळत घातलेली, पिवळीजर्द. कापसाच्या गाड्या, त्यांतून उडून बाभळीच्या काट्यांत अडकलेला कापूस. पाटीत सीताफळं घेऊन बसलेल्या बाया. आबा खुशीत होते. मुलाला डोंगर दाखवत होते.

भाभीचं माहेर बाजाराच्या मागच्या गल्लीत. विचारत विचारत गेलो. भाभी घरात नव्हती, जवळच कुणाकडं गेली होती. तिच्या अम्मी दारात आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलक्या. आम्ही म्हणालो, "नसरीनच्या गल्लीतले आहोत. फराळ घेऊन आलोय." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी नावगाव काही न विचारता आम्हाला आत ओढूनच नेलं. गादी झटकली, पाणी दिलं, नातीला धाडलं, "जा, फुफ्फी को बुला ला."

आणि मग त्या बोलायला लागल्या.

"त्याच गल्लीतले म्हणजे तुमाला ठावं आसंल ते झाड," त्या म्हणाल्या. "पोरीच्या बाजूच्या घरी कुण्या म्हाताऱ्यानं लावलंय. फुलं आली की माझ्या पोरीला दम लागतो. पयल्या साली तर रात रात बसून काढली तिनं. दवाखान्यात न्यावं लागलं. आता दर साली दसरा झाला की आमी हिकडं घेऊन येतो. सोताचं घर सोडून यावं लागतं बघा. शौहर तिकडं, ही हिकडं."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आबांकडं बघायचं धाडस झालं नाही.

"मग सांगितलं का नाही कुणी?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"कैसे बोलती? म्हणते, त्या म्हाताऱ्याचा लई जीव हाय झाडावर. त्येच्या जिंदगीतलं पयलं झाड हाय म्हणे. अम्मी, तू कुणाला बोलू नको म्हणते." त्या आबांकडं वळल्या. पांढऱ्या मिशांचा, वयानं मोठा माणूस बघून त्यांना आशा वाटली असावी. "बाबा, तुमी त्येच्याच वयाचे. तुमी समजावून सांगा ना त्या म्हाताऱ्याला. तुमचं ऐकंल."

आबांनी पेला खाली ठेवला. गादीच्या काठावर बसले होते ते अजून पुढं सरकले, जणू गादीवर बसायचा त्यांना हक्क उरला नव्हता.

"सांगतो, माय," ते म्हणाले.

तेवढ्यात भाभी आली. तिचा चेहरा किती भरला होता! गालांवर रंग होता. दारातूनच ओरडली, "आबा! तुम्ही? और मेरेकू पता भी नहीं!" लेकीकडून ऐकलेलं ते 'आबा' कानावर पडल्याबरोबर अम्मींचा हात तोंडावर गेला. भाभीनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिला कळलं. मुलगा म्हणाला, "आई, डबा द्यायचाय ना?" मी डबा पुढं केला. तो घेताना भाभीची बोटं माझ्या बोटांना लागली. तिनं मान वर केली नाही. लाज आम्हाला वाटायला हवी होती, आणि मान खाली तिची होती.

पुढच्या एसटीत आबांनी मुलाला डोंगर दाखवला नाही. मग खिडकीकडंच बघत म्हणाले, "सूनबाई, तुला ठावं व्हतं?"

"नाही आबा."

"मलाबी नाय. मी निसता सांगत बसलो लोकांला, माझ्या हातचं हाय, माझ्या हातचं हाय. भिंतीपल्याडून ती ऐकत आसंल. मंग कशी सांगंल?"

गावी पोहोचलो. दिवाळी झाली म्हणायची. पाडव्याला गावात मेंढरं सजवून फिरवतात, हळद लावतात, गोंडे बांधतात. आबांना दरवर्षी त्यासाठी बोलावणं असायचं, मानानं पुढं उभं करायचे. त्या वर्षी ते गेले नाहीत. आमच्या आधी एकटेच शहरात परतले.

आम्ही परत आलो तेव्हा झाड अर्धं उतरवलेलं होतं. फुलं ऐन भरात होती. आबा डोक्याला फडकं बांधून, शिडीवर चढून कुऱ्हाडीनं फांद्या तोडत होते. तोडलेल्या जागी पांढरा चीक ठिबकत होता, त्यांच्या धोतरावर, हातांवर. खाली अय्यूबभाई शिडी धरून उभे होते आणि विनवत होते.

"आबा, बस्स करा. उतरा खाली. आमच्यापायी हरं झाड तोडू नका. माझ्या डोक्यावर पाप येईल."

"तुमच्या डोक्यावर कशाला? लावलं मी."

"पण हमने कब बोला तोडने को?"

आबांचा हात थांबला. "तुमी बोलला नाय, भाई," ते म्हणाले. "त्येच तर गिळवत नाय मला."

अय्यूबभाईंनी शिडी शेवटपर्यंत सोडली नाही. खोड यजमानांनी तोडलं, आबांच्यानं ते झालं नाही. तोडलेल्या फांद्यांनाही वास होता, म्हणून त्या त्याच दिवशी गाडीत भरून वसाहतीच्या बाहेर, लांब नेऊन टाकल्या. गाडीबरोबर आबा चालत गेले.

नंतर कितीतरी दिवस आबा ओट्यावर बसेनात. खाट मागच्या बाजूला घेतली. भाभी परत आली, तिची खिडकी उघडी दिसायला लागली. ती भिंतीशी येऊन हाक मारायची, "आबा, चहा झाला का?" की आबा घरात निघून जायचे. मी एकदा म्हणाले, "आबा, तुम्ही काय जाणूनबुजून केलं का?" तर म्हणाले, "जनावर काय खाईल ते इचारलं मी. भिंतीला काय हुईल ते इचारलं. माणसाला काय हुईल ते इचारलं नाय." हे तर मीही विचारलं नव्हतं. तो खोकला ऐकून मी काढा करून दिला होता आणि झोपले होते.

फाल्गुनात एक दिवस भाभी सरळ आमच्या मागच्या दारी आली. आबांच्या खाटेपुढं उभी राहिली.

"आबा, मला माझ्या अंगणात झाड लावायचंय. कोणतं लावू?"

"मला नको इचारू, बेटी. माझी निवड तू बघितली."

"तुम्हालाच विचारणार. नाहीतर लावणारच नाही."

आबा नाही म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही आली. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही तिनं त्यांना सांगितलं, की धुळीनं होतं, धुरानं होतं, थंडीनं होतं, एकट्या झाडाचा दोष नाही. आबांना त्यानं काही बरं वाटलं नाही. पण एक दिवस ते उठले, पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चल. पण तुझी दवा संगं घे."

तिथून एक अजब काळ सुरू झाला. ज्या झाडाला फूल येईल त्याच्याखाली आबा भाभीला नेऊन उभी करायचे. चैत्रात लिंब मोहरला तेव्हा लिंबाखाली. पुढं करंजाखाली, शिरीषाखाली, कुणाच्या तरी फाटकाशी फुललेल्या बकुळीखाली. दवा तिच्या पर्समध्ये. मी बहुतेक वेळा बरोबर असायची. भाभी डोळे मिटून श्वास घ्यायची आणि आबा मान तिरकी करून ऐकायचे. रानात मेंढरं बसली की अंधारात नुसत्या श्वासावरून त्यांना आजारी जनावर कळायचं, असं हे सांगायचे. आता ते तसे एका बाईचा श्वास ऐकत रस्त्यावर उभे असायचे. येणारे-जाणारे बघायचे, काही हसायचे. आबांना त्याचं काही वाटत नसे. लाजायचं तेवढं ते लाजून झाले होते बहुधा.

"काही नाही होत आबा," भाभी म्हणायची.

"आज नाय झालं. उद्या हुईल. दारात आलं की रोजचं हुईल." असं म्हणून ते ते झाड सोडून द्यायचे. त्यांचा कोणत्याच झाडावर विश्वास राहिला नव्हता. मला कधीकधी वाटायचं, त्यांचा विश्वास झाडांवरून उडाला नव्हता, स्वतःवरून उडाला होता. जो माणूस आभाळाकडं बघून उद्याचा मुक्काम ठरवायचा, तो आता पारिजातकाच्या एका रोपापुढं घुटमळत होता.

शेवटी भाभीनंच ठरवलं. दौलताबादेकडं तिचे कुणी नातलग होते, त्यांच्या मळ्यातून ती अंजिराचं रोप घेऊन आली. जुन्या पावडरच्या डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. म्हणाली, "आबा, इसका फूल किसीने देखा है? फूलच बाहेर येत नाही. मग त्रास कशाचा?"

आबांनी पान चुरगाळून हुंगलं. पुष्कळ वेळ हुंगलं. मग फावडं घेऊन भाभीच्या अंगणात गेले.

श्रावणातली सकाळ होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि माती ओली होती, तरी आबांनी भाभीला दारात मागं उभं राहायला लावलं, धूळ नको म्हणून. खिडकीपासून बरंच लांब, फाटकाच्या बाजूला त्यांनी खड्डा घेतला. अय्यूबभाईंनी शेणखत टाकलं. मी भिंतीच्या अलीकडून बघत होते. गोणपाट सोडून आबांनी रोप दोन्ही हातांत उचललं. आता ते ठेवतील, माती लोटतील, पायानं दाबतील असं मला वाटलं. ते तसेच उभे राहिले. उभ्या आयुष्यात ज्यांनी कुणाला विचारून काही केलं नाही, ते आबा मान वळवून दाराकडं बघत होते.

"बेटी," ते म्हणाले, "लावू का?"

भाभी हसली, काहीतरी चेष्टेचं बोलणार होती. पण आबा हसत नव्हते. मुळांना चिकटलेली माती त्यांच्या बोटांमधून थोडी थोडी गळत होती, आणि ते वाट बघत होते.

भाभीनं ओढणी नीट केली. पुढं आली, खड्ड्यापाशी.

"लावा, आबा," ती म्हणाली.

तेव्हा कुठं ते वाकले.